जुळ्यांची नावं: अक्षर एकच का निघतं आणि पुढे काय काय होतं

माझ्या भावाला जुळ्या मुली झाल्या. बारशाच्या चार दिवस आधी गुरुजींचा फोन आला, "दोघींचं नक्षत्र स्वाती, चौथं चरण. अक्षर 'ता'." आईने तिथल्या तिथे वहीचं पान फाडून घेतलं आणि यादी सुरू झाली. तनुजा–तनया, तन्वी–तन्मयी, तारा–तारका. भावजयीच्या माहेरून आणखी सहा जोड्या आल्या, त्याही सगळ्या त-त.

मी आत्या. कानात नाव सांगायचा मान माझा. त्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवते. औसा तालुक्यातल्या तीन गावांत नोकरी झाली आणि तेवढ्या काळात जुळ्यांच्या पाच जोड्या माझ्या वर्गात बसून गेल्या. म्हणून ती यादी ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे हजेरीपट येत होता. एका लेकराचं नाव ठरवताना ते नाव चांगलं आहे ना, एवढंच बघायचं असतं. जुळ्यांच्या बाबतीत ते दुसऱ्या नावापासून किती लांब आहे हेही बघावं लागतं, आणि गडबडीत नेमकं तेच राहून जातं. या सगळ्यातलं मला जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते.

अक्षर एकच का निघतं

चंद्राच्या वाटेचे आपल्याकडे २७ भाग केलेत, ती नक्षत्रं. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, म्हणजे एकूण १०८. प्रत्येक चरणाला एक अक्षर ठरलेलं आहे. अश्विनीला चू, चे, चो, ला, रोहिणीला ओ, वा, वी, वू, असं रेवतीपर्यंत. बाळ जन्मलं त्या वेळी चंद्र ज्या चरणात असेल ते बाळाचं अक्षर.

आता वेळेचा हिशोब बघा. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे एका चरणाला सहा तासांच्या आसपास. सिझरमध्ये दोन बाळांच्या जन्मात एखाद-दोन मिनिटांचं अंतर असतं, नॉर्मल बाळंतपणात दहा-वीस मिनिटांचं, कधी थोडं जास्त. सहा तासांच्या त्या टप्प्यात दोन्ही जन्म सहज बसतात. चरण बदलायची वेळ नेमकी दोघांच्या मध्ये आली तरच अक्षर बदलणार, आणि तेही फार लांब जाईलच असं नाही. आमच्याच घरी बघा: स्वातीचं शेवटचं चरण 'ता', त्याच्या पुढचं विशाखाचं पहिलं 'ती'. धाकटी चरण ओलांडून आली असती तरी यादी त-चीच राहिली असती.

थोडक्यात, जुळ्यांना एक अक्षर येण्यात देवाचा खास संकेत वगैरे शोधायची गरज नाही. सहा तासांचं चरण आणि दहा मिनिटांचं अंतर, एवढंच त्याचं कारण.

आणि परंपरेनेच यातून वाट ठेवलेली आहे. हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतो, आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला 'ङ'. या अक्षरांवरून नाव कुणी ठेवायचं? गुरुजी जवळचं अक्षर घ्यायला सांगतात. त्याहून मोठी सोय म्हणजे जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं. जन्मनाव पत्रिकेत राहतं, संकल्पाला लागतं, लग्न जमवताना बघतात. शाळेत, बँकेत, गावात चालतं ते दुसरं. मी गुरुजींना सरळ विचारलं तर ते म्हणाले, "ताई, जन्मनावं दोन्ही 'ता'ची लिहून देतो. हाक मारायची नावं तुमची तुम्ही ठरवा." आमच्या आईची अर्धी काळजी तिथेच मिटली. ज्यांच्या घरी अक्षरावरून वाद चाललाय त्यांनी आपल्या गुरुजींना हा एक प्रश्न जरूर विचारावा.

एकाच नावाची तीन रूपं

कागदावर नाव एकच असलं तरी घरात त्याची तीन रूपं होतात: पूर्ण नाव, लाडाचं किंवा घाईतलं नाव, आणि लांबून मारलेली हाक. जुळ्यांच्या नावांची जोडी तिन्ही रूपांत तपासावी लागते.

घाईतल्या नावात आपण पुढचं टोक धरतो आणि मागचं सोडून देतो. वैजनाथचा वैजू, नागनाथचा नागू, गणेशचा गण्या. आपल्याकडे परळीचा वैजनाथ आणि औंढ्याचा नागनाथ ही दोन्ही श्रद्धास्थानं, त्यामुळे जुन्या पिढीत भावाभावांची ही नावं सर्रास दिसतात. पूर्ण नावांचा शेवट सारखा असूनही घरात कधी गोंधळ झाला नाही, कारण पुढचं टोक वेगळं होतं. उलट सुमित आणि सुमेध घ्या. कागदावर दोन स्वतंत्र, सुंदर नावं. पण महिन्याभरात दोघेही सुम्या होतात. मग एक मोठा सुम्या, एक बारका सुम्या, आणि ठेवलेली नावं पाहुण्यांपुरती उरतात.

लांबून हाक मारताना याच्या बरोबर उलटं होतं. तिथे मागचं टोक लांबतं. संध्याकाळी ओट्यावर उभं राहून आजी शेतातल्या पोराला बोलावते तेव्हा "नीलेऽऽश", "शैलेऽऽश" यातलं ऐकू जातं ते फक्त "एऽऽश". वाऱ्यात व्यंजनं विरतात, स्वर तेवढे पोचतात. माझ्या वर्गातली एक जोडी अशीच होती, दोन नावांत फक्त पहिल्या अक्षराचा फरक. मैदानात एकाला हाक मारली की दोघं पळत यायचे. पुढे पुढे दोघंही येईनात, कारण हाक बहुतेक दुसऱ्यालाच असणार असं प्रत्येकाला वाटायचं. सहा वर्षांचं लेकरू आपल्या नावाला ओ देणं सोडून देतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हापासून हा विषय मला साधा वाटत नाही.

बाळ साधारण चार-पाच महिन्यांचं झालं की आपल्या नावाचा आवाज ओळखू लागतं, अर्थ कळायच्या कितीतरी आधी. एका पाळण्यात दोन बाळं असतील तर त्या वयात त्यांच्या कानावर सतत दोन नावं पडत असतात. ती आवाजाने जितकी वेगळी, तितकं आपलं कोणतं ते धरणं सोपं.

मोठ्यांचंही तसंच. आई-वडील एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने का हाक मारतात, यावर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की माणूस नावं चुकवतो ती बहुधा एकाच नात्याच्या गटातली, म्हणजे मुलाला दुसऱ्या मुलाचं, भावाला दुसऱ्या भावाचं नाव. नावांची सुरुवात किंवा शेवट सारखा असेल तर चूक वाढते. दिसण्यातल्या साम्याचा मात्र त्यात फारसा वाटा नव्हता. जुळी एकसारखी दिसतात म्हणून घरच्यांचा गोंधळ होतो असं आपण म्हणतो, पण जीभ घसरते ती बऱ्याचदा नावांमुळे.

बाहेरच्यांची गोष्ट वेगळी. वर्गातल्या बाईंना, अंगणवाडीच्या ताईंना, दुकानदाराला एकसारखी दिसणारी लेकरं ओळखायला नावाशिवाय दुसरा आधार नसतो. तुमची जुळी तशी होतील का, याचा थोडा अंदाज वारेवरून (प्लॅसेंटा) येतो. दोन्ही बाळांना मिळून एकच वार असेल तर ती एकाच बीजापासून झालेली, म्हणजे एकसारखी. दोन वेगळ्या वारा असतील तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं. एकच वार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर नावांतलं अंतर जरा जास्तच ठेवा.

जुन्या जोड्या काय शिकवतात

आपल्या पुराणांत जुळी भरपूर आहेत आणि त्यांची नावं नीट बघितली तर दोन पद्धती दिसतात. नकुल आणि सहदेव, माद्रीची जुळी: एकही अक्षर जुळत नाही. लव आणि कुश: दोन्ही दोन अक्षरी, पण स्वर वेगळे, व्यंजनं वेगळी. लक्ष्मण आणि शत्रुघ्न, सुमित्रेची जुळी: तीच गोष्ट. दुसरी पद्धत हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू यांची. दोघांची सुरुवात 'हिरण्य'ने. कीर्तनाला बसलेल्या कुणालाही विचारा, वराहाने मारला तो कोणता आणि नरसिंहाने मारला तो कोणता. दहातले पाच जण अडखळतील. (वराहाने मारला तो हिरण्याक्ष.)

पण माझ्या मते सगळ्यात सुंदर नमुना आपल्या मातीतला आहे. पैठणजवळच्या आपेगावचे विठ्ठलपंत. त्यांची चार मुलं जुळी नव्हती, तरी नावं एकत्र वाचून बघा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई. संसारातून मागे फिरणं, ज्ञान होणं, पायरी चढणं, मुक्त होणं. चार नावांचा मिळून एक अर्थ होतो, एक वाट तयार होते. आणि आवाजाने? चारही नावं चार दिशांना. अंधारात हाक मारली तरी एकाचं नाव दुसऱ्याला लागणार नाही. जोडी जमवायची हौस मला कळते, मलाही होती. ती हौस नावांच्या अर्थामध्ये भागवावी, अक्षरात भागवू नये, हे मला या चार नावांवरून पटलं.

अर्थाने जोडलेली नावं प्रत्येक घरच्या परंपरेत सापडतात. बौद्ध घरांत मुलगा-मुलगी जुळी झाली तर महेंद्र आणि संघमित्रा यांच्याइतकी चांगली जोडी मला सुचत नाही. सम्राट अशोकाची ही मुलं, दोघांनी धम्म श्रीलंकेला नेला, दोघांचं काम तोलामोलाचं, आणि नावांत गोंधळाला जागाच नाही. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका मानणाऱ्या घरात ही दोन नावं तशीच छान शेजारी बसतात.

आमच्याकडच्या मुस्लिम घरांत जुळ्या मुलांना हसन–हुसेन ठेवायची जुनी रीत आहे. खरं तर हसन आणि हुसेन हे जुळे नव्हते, सख्खे भाऊ होते, आणि हुसेन हे नाव हसनचंच लहानपण दाखवणारं रूप आहे. सुरुवात ह-चीच असली तरी 'अ' आणि 'उ' हे स्वर कानाला वेगळे लागतात. ज्या घराला ही नावं प्रिय आहेत त्यांनी ती खुशाल ठेवावीत. फक्त लाडाची नावं पहिल्या दिवसापासून अगदी वेगळी वापरावीत.

अर्थ जोडताना एक गोष्ट मात्र तोलून बघायची: एकाला वरचं आणि दुसऱ्याला खालचं स्थान जात नाही ना. राम–लक्ष्मण म्हणताना एक पुढे चालतो आणि एक मागे. सूर्य–चंद्र म्हणताना एकाचा प्रकाश उसना. एकीचं नाव राणीचं आणि दुसरीचं तिच्या सखीचं, असं नको. जुळी आयुष्यभर एकमेकांशेजारी उभी करून मापली जातात, उंचीने, रंगाने, मार्कांनी. नावातून आणखी एक माप द्यायचं कशाला?

प्रथमेश हे नाव मला आवडतं, पण जुळ्यांतल्या एकाला ठेवू नये असं माझं मत आहे. चार मिनिटांचं थोरलेपण त्या नावाने कायमचं कोरलं जातं. तसंही थोरला कोण यावर गावोगाव मतं वेगळी. पुष्कळ म्हातारी माणसं सांगतात की मागून आलेलं बाळ थोरलं, कारण ते आधी आत गेलं. भागवतात हिरण्याक्ष–हिरण्यकशिपूच्या जन्मकथेत हाच विचार आहे: आधी गर्भात आला त्याला एक नाव, आधी जन्मला त्याला दुसरं. आणि दूर नायजेरियातले योरुबा लोकही असंच मानतात. त्यांच्याकडे जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात. आधी येणारा ताइवो, म्हणजे जगाची चव घ्यायला पुढे पाठवलेला. मागून येणारा केहिंदे, आणि थोरला मान केहिंदेचा. दवाखान्यात तर सिझर असेल तेव्हा डॉक्टरांच्या हाताला जे बाळ आधी लागतं ते पहिलं. एवढ्याशा गोष्टीवर नाव बांधू नये.

कागदावर काय होतं

हा भाग थोडा रुक्ष आहे, पण शाळेत बसून मी ज्या अडचणी बघते त्यातल्या बहुतेक इथेच सुरू होतात.

आपल्या पूर्ण नावात स्वतःचं काय असतं? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात चार भागांत लिहायचं आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जुळ्यांच्या बाबतीत त्यातले तीन भाग तंतोतंत सारखे. जन्मतारीख सारखी, पत्ता सारखा, पालकांचा मोबाईल नंबर सारखा. सरकारी यादीत या दोन लेकरांना वेगळं करणारा एकच शब्द उरतो. त्या शब्दातही एकाच अक्षराचा फरक ठेवला तर काय होणार? माझ्या वर्गातल्या एका जोडीत एकाच्या शिष्यवृत्तीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले. टाइप करताना एक अक्षर चुकलं आणि ती चूक कुणाच्या लक्षात आली नाही, कारण चुकून पडलेलं नावही खरंच अस्तित्वात होतं. वर्ष गेलं ते निस्तरण्यात. वडील मजुरी बुडवून खेटे घालत होते.

पहिलं अक्षर सारखं असेल तर आद्याक्षरं सारखी होतात: दोघेही आर. एस. जाधव. आणि इंग्रजी स्पेलिंगचं एक खास बघा. आर्य आणि आर्या ही भावंडं मराठीत स्पष्ट वेगळी, इंग्रजीत दोघांचंही ए-आर-वाय-ए. कृष्ण–कृष्णा, रामा–रमा यांचं तेच. मराठीतला ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, ल-ळ हा फरक त्या स्पेलिंगमध्ये बऱ्याचदा उरतच नाही. म्हणून दोन्ही नावं पक्की करण्याआधी इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक लिहून बघा.

आधार कार्डाचंही समजून घ्या. एकसारख्या जुळ्यांच्याही बोटांचे ठसे वेगळे असतात, त्यामुळे पुढे तिथे गोंधळ होत नाही. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे ठसे घेतच नाहीत. ते पाच वर्षांनी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी घेतात. पहिली पाच वर्षं सगळी भिस्त नावावर आणि फोटोवर. आणि जुळ्यांचा फोटो काय सांगणार?

जन्मनोंदणीची घाई मात्र नावासाठी करू नका. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते, पण ती नावाशिवाय होते. नाव त्यानंतर घालता येतं: एक वर्षापर्यंत शुल्काशिवाय, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बारसं बाराव्या दिवशी झालं काय किंवा सव्वा महिन्याने झालं काय, कागद अडत नाही. पण फार रेंगाळूही नका, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे बऱ्याच ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. प्रत्येक बाळाचा फॉर्म वेगळा भरायचा आणि शेऱ्यात जुळं असल्याचं लिहायचं.

नोंद होते ती बाळ जिथे जन्मलं तिथे. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे नाव घालायला माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावं लागणार. बीड, धाराशिवकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे फार जड जातं. दसऱ्यानंतर टोळी निघते, बाळ कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात एखाद्या फडावर जन्मतं, आणि नोंद तिथली. उन्हाळ्यात गावी आल्यावर नाव ठरतं, तेव्हा ती ग्रामपंचायत कुठे आणि आपण कुठे. अशा घरांनी निघण्यापूर्वीच दोन-तीन नावं मनाशी धरून ठेवावीत आणि तो मुलूख सोडण्याआधी दोन्ही दाखले नावासकट हातात घ्यावेत. माझ्या शाळेत दरवर्षी असं एखादं लेकरू येतंच, ज्याच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी असते.

आणखी एक. दोन मुलं किंवा दोन मुली असतील तर कोणतं नाव कोणत्या बाळाचं, हे ठरल्या दिवशी लिहून ठेवा. दवाखान्यात मनगटाला 'बेबी १', 'बेबी २' अशी पट्टी असते. डिस्चार्ज कार्डावर जन्माची वेळ आणि वजन असतं. आमच्या मुली १ किलो ८०० ग्रॅम आणि १ किलो ६०० ग्रॅमच्या होत्या. लहानी नऊ दिवस काचेच्या पेटीत राहिली. सहाव्या आठवड्याच्या लशीला गेलो तेव्हा दोघींच्या कार्डांवर आईचं नाव तेच, तारीख तीच, बाळाच्या नावाची जागा रिकामी. ताईंनी एकीची लस दुसरीच्या कार्डावर लिहिली. भावजयीच्या वेळीच लक्षात आलं म्हणून ठीक, नाहीतर एकीला डोस दोनदा आणि दुसरीला नाहीच, असं झालं असतं. त्याच संध्याकाळी भावाने दोन्ही कार्डांना वेगळ्या रंगाचे दोरे बांधले आणि बारशाची तारीख पक्की केली.

तीन किंवा चार असतील तर

पोलंडमधल्या हेलिन नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्ये एक ठोकताळा मांडला होता: ८९ बाळंतपणांत एक जुळं, आणि तिळी ८९ गुणिले ८९, म्हणजे सुमारे आठ हजारांत एक. वंध्यत्वावरच्या उपचारांमुळे आता हे प्रमाण बदललं आहे आणि तिळ्यांच्या बातम्या आपल्याही जिल्ह्यांतून येतात.

नावांच्या दृष्टीने तिळ्यांमध्ये काम तिप्पट होतं. दोन नावांत एकच जोडी तपासायची असते. तीन नावांत पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, पहिलं-तिसरं अशा तीन जोड्या. चार नावांत सहा. पण खरा धोका वेगळाच असतो. दोन नावं जमून येतात आणि तिसरं उरतं. ऋतुजा, ऋतिका आणि पायल. किंवा दोन मुलगे आणि एक मुलगी असतील तर मुलग्यांची जोडी जमते, मुलीचं नाव वेगळ्याच घरचं वाटतं. तिसरं लेकरू आठ-नऊ वर्षांचं झालं की विचारतं, "माझंच असं का?" या प्रश्नाला आईकडे उत्तर नसतं. एक तर तिन्ही एका धाग्यात ओवा, नाहीतर तिन्ही मोकळी ठेवा. दोन आणि एक असं करू नका.

किती नावं मनात धरून ठेवायची हेही सांगते. पोटात मुलगा की मुलगी हे सांगणं आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. जुळ्यांत तीन शक्यता असतात: दोन मुलगे, दोन मुली, एक-एक. दोन मुलांची आणि दोन मुलींची अशी चार नावं ठरली की तिन्ही भागतात. तिळ्यांना तीन आणि तीन, सहा. मात्र मुलाचं कोणतंही नाव मुलीच्या कोणत्याही नावाशेजारी चाललं पाहिजे, तरच हा हिशोब जुळतो. जन्माआधी नाव बोलू नये असं मानणाऱ्या घरांत ही नावं आईने मनात ठेवावीत.

एक गोष्ट जी बारशाला कुणी बोलत नाही

जुळी आणि तिळी पुष्कळदा दिवस भरण्याआधी, कमी वजनाची येतात. सगळीच घरी येतात असं नाही. माझ्या ओळखीतल्या एका घरात दोन मुलांना लव-कुश नावं ठेवली आणि एक बाळ तिसऱ्या आठवड्यात गेलं. राहिलेल्या मुलाला कुणी नाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आणि दुसरा कुठंय?" समोरच्याचा काही दोष नाही, नावच अर्धं राहिलं आहे. ती आई त्या प्रश्नाने दर वेळी आतून हलते.

म्हणून मी आग्रहाने सांगते, प्रत्येक नाव एकटं उभं राहू शकेल असं ठेवा. हे अशुभ बोलणं नाही. सगळं उत्तम झालं तरी पुढे एक मुलगी पुण्याला जाईल, एक लातूरला राहील, आणि दोघींना आपापल्या नावाने एकटीने चालायचंच आहे. आणि बाळ गेलं असेल आणि त्याचं नाव ठेवलेलं असेल, तर ते नाव घरात घेऊ द्या. आईला गप्प करू नका. ते नाव पुढच्या लेकराला द्यायचं की नाही, हे फक्त तिनेच ठरवावं.

बारशाची आदली संध्याकाळ

आमच्या मुलींची नावं इथे लिहीत नाही, ती त्यांची आहेत. एकीचं नाव नदीचं आहे आणि एकीचं पावसाचं, एवढं सांगते. कोरडवाहू गावात पाण्यावरून नाव ठेवलेलं आजोबांना फार आवडलं. त-वरून एकही नाही.

पण पक्कं करण्याआधी आम्ही एक परीक्षा घेतली. भाऊ तुरीच्या पलीकडे विहिरीपर्यंत गेला. आई ओट्यावर उभी राहिली, तिला एका कानाने कमी ऐकू येतं. तो नावं मागेपुढे करून हाक मारणार आणि आईने नदीला एक बोट, पावसाला दोन बोटं दाखवायची. दहा हाका मारल्या. वारा सुटला होता, मधूनच रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. आईने दहाही बरोबर सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी एकच पाळणा बांधला, त्यात दोघी आडव्या निजवल्या. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, घुगऱ्यांचं पातेलं वाट बघत होतं. मी वाकले, हिरव्या दोऱ्यावालीच्या कानात कुर्रर्र करून नदीचं नाव सांगितलं. पाठीवर बायांचे धपाटे पडले. मग पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि पुन्हा वाकले.